नवे जीपीएस, जुनी ओहोटी

मार्वे, मनोरी, गोराई किंवा वर्सोव्याच्या खाडीत सुटीच्या दिवशी कयाक घेऊन उतरणाऱ्या हौशी मंडळींच्या सामानात पाण्याची बाटली आणि लाइफ जॅकेट यांच्या जोडीला हातात मावणारे जीपीएस यंत्रही असते. हे यंत्र जुने झाले की ते बदलावे का, आणि बदलावे तर काय पाहून, असा प्रश्न उभा राहतो. जाहिरातींत उपग्रहांची संख्या आणि रंगीत पडदा यांचे कौतुक असते. खाडीत उतरणाऱ्याने मात्र आधी आपल्या जुन्या यंत्रातील तारीख तपासावी.

जीपीएसचे उपग्रह आठवड्यांचा क्रमांक प्रसारित करतात. मूळ रचनेत हा क्रमांक १०२३ पर्यंतच जातो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. असे १९९९ च्या ऑगस्टमध्ये आणि त्यानंतर २०१९ च्या एप्रिलमध्ये घडले. ज्या जुन्या यंत्रांत याची तजवीज नव्हती, ती सुमारे वीस वर्षे मागची तारीख दाखवू लागली. त्यांनी दाखवलेले ठिकाण बहुधा अचूकच असते. पण त्यांत भरती-ओहोटीचे किंवा सूर्यास्ताचे वेळापत्रक असेल, तर ते भलत्याच दिवसाचे निघते.

मुंबईच्या किनाऱ्यावर ही चूक क्षुल्लक नाही. उधाणाच्या दिवसांत येथे भरती आणि ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडू शकतो. किनाऱ्यावरचा जुना हिशेब सांगतो, की तिथीची पाऊणपट केली म्हणजे भरतीची ढोबळ वेळ मिळते. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. त्यानंतर सुमारे सहा तास पाणी उतरत राहते. दुपारी भरल्या खाडीत कांदळवनाच्या आतपर्यंत गेलेला माणूस पाच वाजता परत फिरला, तर यंत्र त्याला आल्या वाटेनेच प्रामाणिकपणे परत नेते. फक्त त्या वाटेवर आता पाण्याऐवजी चिखल असतो. खाली उतरावे तर पाय रुततात, थांबावे तर अंधार पडतो. आपण कुठे आहोत हे जीपीएस सांगते. आपल्या खाली किती पाणी आहे हे सांगत नाही.

मग नवे यंत्र घ्यावे का? नागरी वापराच्या जीपीएस संदेशात हेतुपुरस्सर मिसळलेली चूक अमेरिकेने मे २००० मध्ये काढून टाकली, तेव्हा शंभर मीटरपर्यंत जाणारी चूक एकदम वीस मीटरच्या आत आली. आजच्या यंत्रांची सुधारणा तेवढी नाट्यमय नाही. ती अनेक देशांच्या उपग्रहांचे संदेश घेतात. उंच इमारतींमध्ये त्याचा उपयोग होतो, पण खाडीवर आकाश मोकळेच असते. तेव्हा तेथे पाहायच्या गोष्टी साध्या आहेत. ओल्या बोटांनीही चालतील अशी बटणे असावीत, कारण खाऱ्या पाण्याचे थेंब पडले की स्पर्शाचा पडदा गोंधळतो. भर उन्हात अक्षरे दिसावीत. बॅटरी बदलता यावी. ‘आयपीएक्स ७’ ही खूण म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची हमी; यंत्र तरंगेल असे ती सांगत नाही. म्हणून दोरी बांधणे आलेच.

जुन्या यंत्रातील खुणा नव्यात नेताना आणखी एक काळजी घ्यावी. शक्यतो ‘जीपीएक्स’ फाइलनेच त्या न्याव्यात. हाताने भरताना अंश, मिनिटे आणि सेकंद यांची गल्लत होते. १९ अंश ८.५ मिनिटे म्हणजे ८ मिनिटे ३० सेकंद. ते कोणी ८ मिनिटे ५० सेकंद असे लिहिले, तर खूण सहाशे मीटरांहून अधिक उत्तरेला सरकते. अरुंद खाडीत एवढे अंतर माणसाला पाण्यातून थेट कांदळवनात नेऊन सोडते.

खरेदीपूर्वी कायदाही ध्यानात असू द्यावा. केवळ संदेश ग्रहण करणारे जीपीएस यंत्र वेगळे आणि उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे यंत्र वेगळे. दुसऱ्या प्रकारचे यंत्र किंवा सॅटेलाइट फोन सरकारी परवानगीविना भारतात बाळगता येत नाही; परदेशी पर्यटकांवरही त्यासाठी कारवाई झालेली आहे. नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर सागरी मार्गानेच मुंबईत शिरले आणि त्यांनी सॅटेलाइट फोन वापरला होता, हे आठवले म्हणजे या किनाऱ्यावरील कडकपणाचे कारण कळते. परदेशातील नातेवाइकांकडून यंत्र मागवणाऱ्यांनी हा फरक आधी समजून घ्यावा.

तात्पर्य, तारीख चुकत असेल किंवा यंत्रात पाणी शिरत असेल, तर नवे यंत्र अवश्य घ्यावे. पण उतरण्यापूर्वी त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक पाहावे, परतीची वेळ घरी सांगून ठेवावी आणि जेट्टीवरच्या एखाद्या कोळी बांधवाला पाणी केव्हा उतरेल ते विचारावे. त्याचे उत्तर नव्या यंत्राशी ताडून पाहावे; दोहोंत फरक पडला, तर खाडीत उतरण्याची घाई करू नये.