लष्कर नसलेल्या देशात शांततेचे शिक्षण

ऑक्टोबर २०१० मध्ये मध्य अमेरिकेतील सान हुआन नदीच्या मुखाजवळील एका पाणथळ प्रदेशावरून निकाराग्वा आणि कोस्टा रिका या शेजारी देशांत वाद पेटला. निकाराग्वाने तेथे झाडे तोडून कालवा खोदला आणि सैनिक तैनात केले. कोस्टा रिकाकडे पाठवण्यास सैन्यच नव्हते. या देशाने १९४८ मध्ये लष्कर बरखास्त केले आणि १९४९ च्या राज्यघटनेने कायमस्वरूपी सैन्यावर बंदी घातली. त्यामुळे त्याने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. २०१५ मध्ये हा भूभाग कोस्टा रिकाचा असल्याचा निर्वाळा न्यायालयाने दिला. २०१८ मध्ये निकाराग्वाला सुमारे ३ लाख ७८ हजार डॉलरची भरपाई देण्याचा आदेश झाला. पर्यावरणाच्या हानीसाठी या न्यायालयाने भरपाई ठरवण्याची ती पहिलीच वेळ होती.

पाणी, जमीन आणि जंगल यांच्या वादातून संघर्ष कसे जन्मतात आणि ते शस्त्राविना कसे मिटवता येतात, हा आज उच्च शिक्षणाचा स्वतंत्र विषय झाला आहे. तो शिकण्याचे एक प्रमुख केंद्र कोस्टा रिकातच आहे. या देशाचे तत्कालीन अध्यक्ष रोद्रिगो कारासो यांनी मांडलेल्या प्रस्तावानुसार संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ५ डिसेंबर १९८० रोजी शांतता विद्यापीठाच्या स्थापनेला मान्यता दिली. राजधानी सान होसेच्या पश्चिमेला, सिउदाद कोलोन गावाजवळील वनराईत त्याचा परिसर आहे. पर्यावरण, विकास आणि शांतता यांचा एकत्रित विचार करणारा पदव्युत्तर अभ्यासक्रम येथे इंग्रजीतून शिकवला जातो.

वर्गाबाहेरचा अभ्यास

या शिक्षणाचा मोठा भाग वर्गाबाहेर आहे. विसाव्या शतकात गुरांच्या कुरणांसाठी कोस्टा रिकातील जंगल प्रचंड प्रमाणात तोडले गेले. १९९६ च्या वनकायद्याने हे चित्र पालटण्यास मदत केली. जंगल पाणी धरून ठेवते, कार्बन शोषते आणि जैवविविधता जपते; ही एक सेवाच आहे, असे मानून झाडे राखणाऱ्या जमीनमालकाला मोबदला देण्याची पद्धत या कायद्याने रुजवली. त्यासाठी इंधनावरील कराचा काही भाग वापरला जातो. आज देशाची निम्म्याहून अधिक भूमी पुन्हा वनाच्छादित आहे.

मात्र मोबदला जमिनीच्या मालकाला मिळतो. मग भूमिहीनांचे काय, हा प्रश्न उरतोच. १९७७ च्या कायद्याने आदिवासींच्या जमिनींना संरक्षण दिले, तरी त्यावरील बाहेरच्यांचा कब्जा पुरता हटलेला नाही. जमिनीच्या हक्कासाठी लढणारे ब्रिब्री जमातीचे नेते सर्खियो रोहास यांची मार्च २०१९ मध्ये हत्या झाली. निर्यातीसाठी होणाऱ्या अननसाच्या शेतीतील कीटकनाशकांबाबतही गावकऱ्यांच्या तक्रारी आहेत. २०१५ च्या त्याच निकालात, नदीकाठी रस्ता बांधताना पर्यावरणावरील परिणामांचा अभ्यास न केल्याबद्दल न्यायालयाने कोस्टा रिकालाही दोषी ठरवले होते. म्हणूनच हा देश विद्यार्थ्यासाठी आदर्श चित्रापेक्षा खुल्या प्रयोगशाळेसारखा आहे.

जाण्यापूर्वी

तेथे जाण्याचा विचार करणाऱ्यांनी काही गोष्टी स्पष्टपणे जाणून घ्याव्यात. विद्यापीठाला संयुक्त राष्ट्रांची मान्यता असली, तरी त्याचा खर्च संयुक्त राष्ट्रांच्या नियमित अंदाजपत्रकातून होत नाही. त्यामुळे शुल्क, शिष्यवृत्ती आणि राहण्याचा खर्च यांचा हिशेब आधीच मांडलेला बरा. येथील पदवी म्हणजे संयुक्त राष्ट्रांतील नोकरीची हमी नव्हे. भारतात परतून अध्यापन किंवा सरकारी सेवा करायची असल्यास पदवीची समकक्षता प्रवेशापूर्वीच तपासावी. वर्ग इंग्रजीत असले, तरी शेतकरी आणि आदिवासींशी संवाद साधण्यासाठी स्पॅनिशला पर्याय नाही.

महाराष्ट्रातील विद्यार्थ्याला हे प्रश्न परके वाटणार नाहीत. जायकवाडीत किती पाणी सोडायचे, यावरून दुष्काळी वर्षांत नाशिक-नगर आणि मराठवाडा आमनेसामने येतात. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने जंगलावरील सामूहिक हक्क कायद्याच्या मार्गाने मिळवून दाखवला. दूरच्या देशात शिकलेली समेटाची रीत अशा ठिकाणी उपयोगी पडली, तरच त्या पदवीला खरा अर्थ येईल.