ठासणीचा बार आणि चिंकारा

बारामती-इंदापूरच्या माळावरचा चिंकारा खरं तर हरीण नव्हे, कुरंग आहे. त्याची शिंगं गळत नाहीत. मादीलाही असतात, फक्त बारीक. वजन जेमतेम 20-25 किलो.

ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून गजानं ठासावे लागतात, म्हणून बार एकच. तो फुफ्फुस किंवा हृदयाऐवजी पोटात, पायात बसला, तर जनावर उधळतं आणि झुडपात तडफडतं. दुसरा बार भरेपर्यंत धूर विरलेला, चिंकारा दिसेनासा. 'एका गोळीत खेळ खलास' ही निव्वळ फुशारकी.

वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत चिंकारा आहे. शिकारीला 3 ते 7 वर्षं कैद, शिवाय किमान 25 हजार रुपये दंड. ठासणीच्या बंदुकीलाही परवाना लागतोच.

याच भागातलं सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य 1997 मध्ये जाहीर झालं. क्षेत्र 5.14 चौ. किमी. चिंकाऱ्यांचे कळप मात्र ही हद्द ओलांडून शेतात, पडीक रानात चरतात.

जखमी चिंकारा दिसला, तर पाठलाग करू नका. धावपळीच्या ताणानंही तो दगावतो. कुत्री लांब ठेवा, वन विभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.