आजीच्या पथारीला जागा किती?

गाडी पकडायची नव्हती, तरी परवा आम्ही नागपूर स्टेशनावर तासभर रेंगाळलो. सावनेरच्या दगडाची ही इमारत १५ जानेवारी १९२५ रोजी गव्हर्नर सर फ्रँक स्लाय यांच्या हस्ते सुरू झाली. तेव्हा नागपूर मध्य प्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ती राजधानी गेली. त्याच्या अठराच दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी याच शहरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. राजधानी गेली; माणसे मात्र दरवर्षी येतच राहिली.

मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे मार्ग इथेच एकमेकांना छेदतात. चारी दिशांनी गाड्या भरून येतात. पांढरे लुगडे नेसलेली आजी, डोक्यावर गाठोडे, त्यात दोन दिवसांच्या भाकरी. लॉज कुठला परवडायला? फलाटावर पथारी टाकायची नि पहाटे दीक्षाभूमीची वाट धरायची.

डिसेंबर २०२२ मध्ये स्टेशनच्या पुनर्विकासाची पायाभरणी झाली. जुनी वास्तू जपणार म्हणतात. जपाच! तो दगड फोडणारे, वाहणारे हात कुणाचे असतील, हे का आम्ही सांगायला हवे? पण नव्या नकाशात त्या आजीच्या पथारीला किती हात जागा ठेवली आहे, तेवढे रेल्वेने अशोक विजयादशमीच्या आत सांगावे.