रिकामी जागा कोठे कळते

नोकरीच्या शोधात निघालेल्या माणसाच्या हाती प्रथम जाहिरात येते, आणि जाहिरातीत जेवढे छापून आले तेवढ्याच जागा रिकाम्या आहेत अशी त्याची समजूत होऊन बसते. वस्तुतः एखाद्या आस्थापनेत कोणी राजीनामा दिल्याची किंवा नवे काम निघाल्याची वार्ता छापखान्यात पोहोचण्यापूर्वी कितीतरी दिवस तेथल्या माणसांच्या बोलण्यात घोळत असते, आणि ज्याला ती त्या अवस्थेत ऐकू येते त्याचा अर्ज शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यात दबून जात नाही. म्हणून नोकरी कोठे शोधावी असे कोणी विचारले, तर ही वार्ता कोणाच्या तोंडी असेल त्याचा माग आधी काढावा, असे मी सांगतो.

मुंबईच्या गिरणगावात हा प्रकार रोज सकाळी उघड्यावर दिसत असे. रत्नागिरीहून किंवा साताऱ्याहून आलेला तरुण वळकटी घेऊन थेट आपल्या गावकऱ्यांच्या गाळ्यात उतरे, खानावळीत त्याचे नाव लागे, आणि भोंगा होण्याच्या सुमारास कोणी चुलता वा गाववाला त्याला गिरणीच्या दरवाजाशी नेऊन उभा करी. आज कोणते साचे माणसावाचून राहणार हे माणसे कामावर घेणाऱ्या मुकादमाला, म्हणजे जॉबरला, ठाऊक असे, आणि तो ज्याला आत बोलावी तो त्या दिवसापुरता बदली कामगार होई. परंतु ज्याचे आत कोणी नाही त्याने दरवाजाबाहेर तिष्ठत राहावे, आणि ज्याला आत घेतले त्याच्याकडून जॉबरने दस्तुरी उकळावी, हेही त्याच व्यवस्थेत चाले. त्या उभ्या राहिलेल्या माणसांचा विचार मनात आला की ओळखीचे गुणगान करताना माझी लेखणी अडखळते.

ज्याच्यापाशी ओळख नाही त्याचे नाव कोठेतरी दफ्तरी लागावे, ही सोय सेवायोजन कार्यालयांनी केली. महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांच्या पुनर्वसनासाठी १९४५ मध्ये सुरू झालेली ही यंत्रणा पुढे सर्वांस खुली झाली, आणि १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या खाजगी आस्थापनांनाही रिक्त पदे तेथे कळविण्याच्या बंधनाखाली आणले. तथापि सक्ती कळविण्याची होती, तेथूनच माणूस घेण्याची नव्हे. सरकारी भरतीतही केवळ कार्यालयाने धाडलेल्या यादीवर न थांबता वृत्तपत्रांतून जाहीर आवाहन करावे आणि अर्ज करणाऱ्या सर्वांचा विचार व्हावा, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले. महाराष्ट्रात आज ही नोंदणी ‘महास्वयं’ संकेतस्थळावर होते, आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठी १९७६ पासून निघणारे ‘रोजगार समाचार’ साप्ताहिक आहे. सरकारी पदासाठी हीच वाट सरळ आहे. तेथे कोणी मधला इसम पैसे मागत आला तर त्याला दारातूनच परत पाठवावे. आखाती देशांत पाठविणाऱ्या दलालाकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नोंदणीचा दाखला मागितल्यावाचून पारपत्र त्याच्या हाती देऊ नये.

खाजगी नोकरीची गोष्ट निराळी. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने बॉस्टनच्या उपनगरातील, ओळखीतून नोकरी मिळालेल्या माणसांना विचारले, की ज्याने तुम्हांला बातमी दिली तो त्या काळात तुम्हांला कितीदा भेटत असे. १९७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधानुसार शंभरांतील सुमारे १७ जणांनीच वारंवार असे उत्तर दिले, सुमारे ५६ जणांनी अधूनमधून, आणि २८ जणांनी क्वचित. कारण उघड आहे : जिवलग मित्र आपण वावरतो त्याच वर्तुळात वावरतो, आणि आपल्याला जे ठाऊक तेच बहुधा त्यालाही ठाऊक असते. यंत्रे दुरुस्त करीत आठवड्याला पाच कारखाने हिंडणारा तंत्रज्ञ, हिशेब तपासायला येणारा सनदी लेखापालाचा मदतनीस, आयटीआयमधले जुने निदेशक, तीन वर्षांपूर्वी दुसरीकडे गेलेला सहकारी, यांचा फोन नंबर आपल्यापाशी असतो, पण तो लावण्याचा संकोच वाटतो. तो संकोच वशिल्याच्या भीतीतून येतो, आणि ती भीती मला अस्थानी वाटते. वशिला म्हणजे अपात्राला पुढे ढकलणे, बातमी विचारणे म्हणजे पात्राला दार कोठे आहे ते कळणे. ‘माझे काम करा’ असे न म्हणता ‘तुमच्याकडे हे काम कोण पाहतात, आणि माणूस लागला तर ते कोणाला विचारतात?’ एवढेच विचारले, तर समोरच्याची अडचण होत नाही आणि तो मोकळेपणाने बोलतो.

औद्योगिक वसाहतीतून चालत गेलो, तर अनेक फाटकांवर पुठ्ठ्याची पाटी अडकविलेली दिसते : ‘पाहिजेत – फिटर, टर्नर, हेल्पर’. काही ठिकाणी काळ्या फळ्यावर खडूने लिहिलेले असते, आणि जागा भरली की पहारेकरी ते ओल्या फडक्याने पुसून टाकतो. ती ओळ कोणत्याही वर्तमानपत्रात येत नाही, कोणत्याही संकेतस्थळावर चढत नाही. पाळी सुटण्याच्या वेळी तेथे जावे, बाहेर पडणाऱ्यांपैकी कोणाला तरी आत काम किती आहे ते विचारावे, आणि फळा कोरा असला तरी तो शेवटी कधी लिहिला होता आणि पुन्हा कधी लिहिला जाईल, हे त्या पहारेकऱ्याला ‘मामा’ म्हणून विचारावे. त्याला ते माहीत असते.