लिमातली आषाढी

परदेशी निघालेल्या माणसाला पहिली काळजी जेवणाची, आणि बरोबर उपवास करणारी पत्नी असली म्हणजे ती दुप्पट! २०२४ साली आम्ही उभयता लेकीकडे पेरू देशात, लिमा शहरी गेलो होतो. आषाढी एकादशी तिथेच आली. चाळीस वर्षांत आमच्या सौभाग्यवतींनी ही एकादशी मोडलेली नाही. पण साबुदाण्याची पिशवी निघायच्या गडबडीत पुण्याला ओट्यावरच राहिली होती.

"आई, एक उपवास चुकला तर विठोबा रागावणार आहे का?" लेक सहज म्हणाली.

"विठोबाचं तू मला सांगू नकोस!" असे म्हणून ही जी गप्प झाली, ती झालीच. जुलै महिन्यात लिमावर धुक्याचे राखाडी आभाळ दिवसचे दिवस लोंबत असते, पण पाऊस म्हणून पडत नाही. घरातही तेच हवामान!

दुपारी मी दोघींना बाहेर काढले. सुर्किल्यो भागातल्या बाजाराजवळ एक साधी खानावळ होती. आपल्याकडे राइस प्लेट, तसा तिथे 'मेनू': आधी सूप किंवा लहानसा पदार्थ, मग मुख्य बशी आणि पेलाभर पेय, सारे एकाच ठरावीक दरात. मालकीणबाई स्वतः वाढत होत्या. त्यांनी हिला 'कासेरा' अशी हाक घातली. तिथल्या बाजारात विकणारी आणि नेहमीचे गिऱ्हाईक एकमेकींना असेच म्हणतात. आम्ही कुठले नेहमीचे! पण त्या हाकेने हिच्या कपाळावरची एक आठी कमी झाली खरी.

प्रथम भाजलेल्या मक्याची वाटी आली. मका म्हणजे धान्य. ती बाजूला सरली. लेकीने 'सेविचे' मागवले. लिंबाच्या रसात मुरवलेले ते कच्चे मासे पाहून हिने मान फिरवली. मग उकडलेल्या बटाट्याच्या चकत्या आल्या, वर पिवळ्या मिरचीचा आणि चीजचा दाट रस. हिचा चेहरा खुलला. पण त्या रसात बिस्किटे वाटतात असे कळले, आणि बशीवरचे उकडलेले अंडेही दिसले. चमचा खाली!

आता लेकच उठली. मालकीणबाईंशी स्पॅनिशमध्ये बराच वेळ बोलली. देवासाठी उपास आहे एवढे कळताच बाई तडक आत गेल्या आणि नवी बशी घेऊन आल्या. उकडलेला बटाटा, उकडलेले रताळे, मीठ घालून ठेचलेली मिरची, मूठभर भाजलेले शेंगदाणे आणि पांढऱ्या कंदाचे तुकडे.

"आई, याला इथे युका म्हणतात. आपला साबुदाणा याच कंदाचा करतात."

मी मनाशी हिशेब मांडला. बटाटा मूळचा अँडीज पर्वतातला. तितिकाका सरोवराच्या परिसरात माणूस तो हजारो वर्षांपूर्वी पिकवू लागला. त्या डोंगरांत त्याच्या चार हजारांहून अधिक जाती आहेत, आणि त्या जतन करणारे आंतरराष्ट्रीय बटाटा केंद्र १९७१ पासून याच लिमात आहे. शेंगदाणा, रताळे, मिरची, साबुदाण्याचा कंद, सारी अमेरिका खंडांतलीच मंडळी. कोलंबसानंतर ती समुद्र ओलांडून निघाली. आपला 'बटाटा' हा शब्दसुद्धा पोर्तुगिजांचा. पेरूत त्याला 'पापा' म्हणतात. खिचडीतून हे पाहुणे वजा केले, तर मागे उरते जिरे, मीठ आणि तूप!

हे हिला सांगावे की नाही? जे आजेसासूपासून चालत आलेले, ते सातासमुद्रापलीकडचे निघाले म्हणजे मन दुखायचे. पण मला राहवेना. सांगून टाकले.

ही क्षणभर थांबली. लेकही आईकडे पाहत राहिली.

"मग काय झालं?" ही म्हणाली, "विठोबालाही आपण कानडाच म्हणतो ना? आला, राहिला, आपला झाला." आणि रताळ्याचा अर्धा तुकडा तिने लेकीच्या बशीत ठेवला. लेकीने मासे सारून आधी तो खाल्ला.

शेवटी 'चिचा मोरादा' नावाचे जांभळे पेय आले. ते मक्याचे, म्हणून हिने ओठाला लावले नाही. नुसता वास घेतला.

"अगं, यात दालचिनी आहे! आणि लवंगसुद्धा!"

होती खरीच. हे मसाले आपल्या पूर्वेकडच्या समुद्रांतले. म्हणजे आपल्या बाजूनेही काही रिकाम्या हाताने व्यवहार झाला नव्हता!

"उद्या पिईन," ही म्हणाली.

द्वादशीचे पारणे आम्ही तिथेच सोडले. दारातूनच मालकीणबाईंची हाक आली, "कासेरा!" आणि आता ती हाक खरी होती.