क्रॅश खेळाचे गणित

क्रॅश प्रकारच्या खेळात पडद्यावर विमान वर चढते आणि त्यासोबत गुणक, म्हणजे लावलेली रक्कम किती पट झाली हे दाखवणारा आकडा, १ पासून वाढत जातो. विमान अदृश्य होण्यापूर्वी पैसे काढले तर तितकी पट रक्कम मिळते, अन्यथा सारी बुडते.

स्प्राइब कंपनीच्या ‘एव्हिएटर’ या क्रॅश खेळाचा जाहीर परतावा ९७ टक्के असल्याने गुणक दुपटीपर्यंत पोहोचण्याची शक्यता सुमारे ४८.५ टक्के, तर दहापटीपर्यंत ९.७ टक्के ठरते. म्हणून पैसे केव्हाही काढले तरी प्रत्येक १०० रुपयांमागे सरासरी ३ रुपये जातातच.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगाराने उचलीतून, म्हणजे मुकादमाकडून हंगामापूर्वी घेतलेल्या आगाऊ रकमेतून, १०० रुपये २०० वेळा लावले तर सरासरी ६०० रुपये बुडतात, उचल मात्र ऊस तोडूनच फेडावी लागते.

प्रत्येक फेरी स्वतंत्र असल्याने मागील आकड्यांवरून पुढचा ओळखता येत नाही, त्यामुळे ‘सिग्नल’, म्हणजे पुढच्या आकड्याचा अंदाज, विकणाऱ्यांवर मुळीच विश्वास ठेवू नये.

२०२५ च्या केंद्रीय ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळले जाणारे असे खेळ चालवण्यास बंदी घातली असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे.