जस्त साठविणारे रोप

जर्मनीच्या पश्चिम सीमेवरील आखन शहराच्या परिसरात जस्ताच्या ज्या जुन्या खाणी आहेत, त्यांच्या मातीत, जेथे इतर बहुतेक वनस्पती तग धरीत नाहीत, तेथे मोहरीच्या कुळातील एक ठेंगणे, पांढऱ्या फुलांचे रोप सुखाने वाढते. आणि १८८५ साली बाउमान या संशोधकाने त्याच्या पानांचे पृथक्करण केले, तेव्हा शुष्क भाराच्या शेकडा एकाहून अधिक जस्त त्यांत आढळले. जस्त हे अल्प प्रमाणात वनस्पतीच्या पोषणास आवश्यकच असल्यामुळे मुळांच्या पेशीपटलांत त्याच्या प्रवेशाची द्वारे असतातच, आणि कॅडमियमसारखा विषारी धातू, रासायनिक साम्याच्या बळावर, जणू दुसऱ्याच्या परवान्यावर, त्याच द्वारांनी आत शिरतो. पुष्कळशा वनस्पती असे धातू मुळांतच अडवितात. हे रोप मात्र ते जलवाहिन्यांवाटे पानांपर्यंत नेऊन पेशींच्या रिक्तिकांत कैद करून ठेविते.

अशा रोपांच्या लागवडीने दूषित जमीन शुद्ध करण्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. परंतु रोप लहान आणि वाढ मंद, त्यामुळे धातूची वसुली होण्यास वर्षानुवर्षे लागतात, आणि कापलेले पीक गुरांच्या दावणीपर्यंत कदापि जाता कामा नये. खरी चिंता वाटते ती आपण खातो त्या पालकाची: कॅडमियमयुक्त मातीत तो ते विष पानांत ओढून घेतो, आणि तरीही हिरवागार दिसू शकतो.